मी नसताना झालेल्या मुलाखती

१२ मे, शिरूर कासार

मी खोलीत शिरलो की सर आणि मॅडम गप्प होतात! पुण्याची, संशोधनात केस पिकलेली माणसं. गप्पसुद्धा अभ्यासपूर्वक होतात. काहीतरी शिजतंय.

१३ मे

ऊसतोडीहून परतलेल्या बायकांना विचारायचं — आजारी पडलात तर मुकादम खाडा धरतो का? म्हणजे पैसे कापतो का? आजही सगळ्यांचं एकच — "न्हाई बा. मुकादम लई देवमाणूस." एका तालुक्यात इतके देव! असो. लिहून घेणं माझं काम, हसणं नाही.

सरांनी मुलाखती चाळल्या. "छान. फारच छान." असं छान मी लग्नातल्या अळणी वरणाला म्हणतो.

१५ मे

पकडलं! काल मॅडम एकट्याच छबुबाईंकडे जाऊन आल्या. त्यांची मुलाखत तर मी आधीच घेतलीय. म्हणजे माझी तपासणी! मी लिंबाखाली बसून मनानेच उत्तरं लिहितो, असा यांचा समज. कामावरून काढायचं तर तोंडावर काढा ना.

तोंडावरच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर संशय नाही हो. छबुबाईंनाच विचारा."

१६ मे

छबुबाईंनी चहा दिला, नजर दिली नाही.

"मला एक सांगितलं, मॅडमला दुसरं. कावून?"

"तुमी मोहनराव मुकादमाचे धाकटे भाऊ. आमाला औंदा बी त्याच्याच टोळीत जायचंय. तापात बसले तर दुप्पट खाडा धरला त्यानं, हे तुमाला सांगू?"

"मी दादाला कशाला सांगेन?"

"न्हाई सांगणार. पर जेवता तर एकाच घरात!"

आणि काम मिळवताना मीच सरांपुढे फुशारकी मारली होती — मोहनदादाचा भाऊ म्हटलं की कुठलंही दार उघडतं. दारं उघडली. तोंडं मिटली.

१७ मे

सरांना म्हटलं, माझ्या मुलाखती बाद करा; मलाही. "दोन दिवस थांबा," म्हणाले. थांबा म्हणणाऱ्यांचा मला कधीच भरवसा वाटत नाही.

जेवताना दादा, अगदी सहज — "काय रे, त्या बाईनं छबूला काय विचारलं?"

"मला कुठं सांगतात?"

भाकरी मोडता मोडता बघत राहिला. माझ्याकडे नाही, वहिनीकडे.

१८ मे

दादा बाजारला गेला. मी कामावर निघालो, तर वर्षाराणीवहिनी माझ्या गाडीपाशी आल्या. "भाऊजी, मॅडम बायांचं एकटीनं ऐकतात म्हणं. मला न्या. तुमी मातर भायेर थांबा."