वर्षाच्या आतला ख्रिसमस

बेस्ट, नेदरलँड्स, १४ डिसेंबर

प्रिय चारू,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आईनं रविवारी कान धरून शिकवलेलं मराठी वाचन कितपत शिल्लक आहे कोण जाणे. अडलीस तर सावकाश वाच, पण फोनवर फोटो काढून डचमध्ये वाचू नकोस. त्यात मी माझ्यापेक्षा शहाणा वाटेन.

आज मी ग्रेव्ही केली. हसू नकोस. गेले तीन रविवार हाच उद्योग चाललाय, तीन कोंबड्या खर्ची पडल्या. पहिल्या रविवारी ओव्हनच्या ट्रेमध्ये उतरलेल्या तुपकट रसात मैदा घातला, इथवर सगळं बरोबर होतं. पण भाजायला लागलो आणि हात थांबेना. बेसनाच्या लाडवाला भाजतात तसा, तांबूस होऊन घरभर वास सुटेपर्यंत भाजत बसलो. मग कितीही उकळली तरी ग्रेव्ही कटाच्या आमटीसारखी पातळच. दुसऱ्या रविवारी घाई केली, तर गुठळ्या झाल्या. आज कुठे जमली. तीही भातावर ओतून एकट्यानेच खाल्ली.

तू शाळेत चौथ्या ग्रूपमध्ये होतीस, सात-आठ वर्षांची. सुट्टीनंतर बाईंनी प्रत्येकाला विचारलं, ख्रिसमसला काय जेवलात? तू वरणभात म्हणालीस आणि घरी येऊन आईजवळ रडलीस. पुढच्या डिसेंबरात आई शेजारच्या आजींकडून ख्रिसमसचा सगळा स्वयंपाक शिकून आली, वर ग्रेव्हीत चिमूटभर काळा मसाला स्वतःच्या अकलेचा. तू कुस्करलेल्या बटाट्यात आळं करून त्यात ग्रेव्ही ओतायचीस आणि बांध फुटू न देता कडेकडेनं खायचीस. मी ओरडायचो, लवकर आटप. आता वाटतं, कशाला ओरडायचो?

गेल्या महिन्यात आईच्या वर्षश्राद्धाला आलीस. पानावरून उठलीस आणि नायमेखनची ट्रेन पकडलीस. बोललीस चार शब्द, तेही गुरुजींशी. माझं काही म्हणणं नाही, मीच ओढवून घेतलंय ते. गेल्या ख्रिसमसला तू आणि तुझ्या योरिसनं मला जेवायला बोलावलंत. आई जाऊन महिना झाला होता. आईसारखी ग्रेव्ही करून बघते म्हणालीस, आणि मी फोनवर म्हणालो, "वर्षाच्या आत सण? आईची एवढीच किंमत तुला?" त्यानंतर तुझा फोन नाही. मला तुझी फार आठवण येते, चारू. घरात दोन माणसं कमी झाली, त्यातलं एक माझ्यामुळे.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. शेवटच्या आठवड्यात आईनं मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "वर्षबिर्ष पाळत बसू नकोस. ख्रिसमसला चारूकडे जा. तिला एकटीला स्वयंपाकघरात रडू देऊ नकोस." हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला शोक करत बसायचं होतं, आणि तूही माझ्यासारखाच करावास असं वाटत होतं. तुला काही ठाऊक नसताना तू तिच्या मनासारखं करत होतीस. तिचा शब्द मोडला तो मी, आणि बोल तुला लावला. यंदा दुसऱ्या ख्रिसमसला, सव्वीस तारखेला, मी येऊ का? येऊ नका म्हणायचं असेल तर तेवढं फोन करून म्हण. तुझा आवाज तरी ऐकू येईल.

तुझाच,
बाबा