धुतलेल्या तिकिटाबाबत खुलासा

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मानगूट धरलेली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. पत्नीने दाखला द्यायला नकार दिला.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि खिडकीजवळची खुर्ची पत्नीला. खुर्चीवर तसाही तिचाच ताबा आहे.

२. भिंग, चिमटे आणि जर्मन तिकिटांचे तीन अल्बम मुलीला. महागाई आकाशाला भिडली त्या काळातली ही मदतनिधीची तिकिटं. तयार तिकिटांवर देणगीची रक्कम काळ्या शाईने वरून छापलेली. पाच मार्कांच्या टपालावर शंभर मार्कांची देणगी, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मुलीने ती खुशाल विकावीत, फक्त माझ्या धाकट्या मेहुण्याला विकू नयेत. त्याच्या बोटांना घाम येतो.

३. दुसऱ्या अल्बममधल्या रिकाम्या चौकटीबद्दल. तिथलं तिकीट माझा जीव की प्राण होतं. शेजारचे घड्याळवाले म्हणत, वरचा छाप नकली आहे. पुढे एकोणीस वर्षं मी सांगत आलो की खिशात ते तिकीट असताना पत्नीने सदरा धुतला. आमच्या तिकीट मंडळात तिला "धुलाईवाली" म्हणतात. ती त्याच मंडळींना चहा देत राहिली.

खरं असं की, ती बहिणीकडे गेली असताना घड्याळवाल्यांची जिरवायला मीच ते तिकीट एका तडा गेलेल्या बशीत, कोमट पाण्यात टाकलं. खरा छाप पाण्याला दाद देत नाही. माझा तासाभरात सुटला. घड्याळवाल्यांपुढे हार मानवेना, म्हणून बशी जुन्या भांड्यांमागे लपवली आणि नाव तिचं घेतलं. आजवर बोललो नाही, कारण जिवंत राहायचं होतं. मला याची फार लाज वाटते. हे कलम मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावं.

४. घड्याळवाल्यांना, त्यांचंच खरं होतं अशी ही लेखी कबुली. आणखी काही मागू नये.

साक्षीदार: घड्याळवाले (सही). वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही).
ठिकाण: आमचं जेवणाचं टेबल. तारीख: सतरा ऑगस्ट, सकाळ.

पुरवणी: सह्या चालू असताना पत्नीने चहा आणला आणि माझ्या खांद्यावरून कलम तीन वाचलं. मी मान खाली घातली. ती एवढंच म्हणाली, "बशी मला त्याच आठवड्यात सापडली. तड्यातली शाई काही निघाली नाही, म्हणून तेव्हापासून तुमच्याच चहाला ठेवली."

मी कप उचलून पाहिला.