तोवर पाणी मी बघतो

प्रिय अण्णा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. वर्षभर मी तुमच्यावर रुसून होते आणि हे घरात कुणालाच ठाऊक नाही, आईलासुद्धा नाही. रुसवा कशावरून, तर एका कावळ्यावरून. काल दुपारी जिन्सीत, रऊफभाईंच्या गॅरेजात तो रुसवा उतरला. म्हणून आज रविवारी, आई जेवून जरा पडली आहे तोवर, लिहायला बसले.

तुम्हाला त्या दिवशीचं कुणी सांगितलं असणार? दहाव्याला आम्ही पैठणला गेलो, घाटावर पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. झाडावर चांगले सात-आठ बसलेले, एकही खाली येईना. तुमचे धाकटे भाऊ, आपले बापूकाका, हात जोडून पुढं झाले. "दादा, वयनीला काई कमी पडू देनार नाय." नाही. "धाकट्या विनोदचं पुन्यात घर व्हईल, आमी हाव पाठीशी." नाही. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "शोभाची काळजी करू नका. तिला येकटं पाडनार नाय." त्यावर जवळच्या फांदीवर एक बसला होता तोही उडून गेला.

ऊन चढत होतं. आईला रडू आवरेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, तुमची गाडी विकणार नाही." शब्द पुरा व्हायच्या आत कावळा येऊन शिवला.

"जीव गाडीत अडकला व्हता बघा," काका म्हणाले. मग वर्षभर पाहुण्यारावळ्यांत ही गोष्ट कौतुकानं सांगितली गेली. मीही हसून साथ दिली. पण अण्णा, माझं नाव घेतलं तेव्हा तुम्ही हलला नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते. भूक लागली की कावळा येतो, माणसं बघून बुजतो, हे मला कळतं. तरी लागलं.

लागायला आधीची जागा होतीच. नऊ वर्षांपूर्वी संसार मोडून मी पडेगावला परत आले, तेव्हा तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "लासूरच्या शाळेत जागा निघालीय म्हनं." तेवढंच. पुढं तुमची नजर अधू झाली, गाडी चालवणं तुम्ही सोडलंत. पण रोज सकाळी सहाला बॉनेट उघडून उभे! मी पर्स घेऊन बाहेर यायचे तर तुम्ही फडक्यानं हात पुसत असायचात. "झाली का पूजा?" मी चिडवायचे. "व्हय, झाली," म्हणून तुम्ही आत जायचात. मला वाटायचं, या माणसाला लेकीपेक्षा गाडीशी बोलणं सोपं जातं.

तुम्ही गेलात आणि पंधरा दिवसांतच शरणापूरच्या पुढं तापमानाचा काटा वर चढला. बॉनेट उघडलं तर पाण्याची टाकी कोरडी. उन्हाळा आहे, आटलं असेल म्हणून मी बाटलीतलं पाणी ओतलं. नंतर दर आठवड्याला ओतू लागले, मग दर दोन दिवसांनी. लासूरच्या मेकॅनिकनं आधी टाकीचं झाकण बदललं, मग एक नळी बदलली. पाणी जायचं ते जातच राहिलं. मी गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा आणि टाकीही कोरडी.

दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी राहिले की खालून घरघर. क्लच दाबला की गप्प. मग तुमच्या विज्ञानवाल्या लेकीनं काय उपाय केला असेल? सिग्नलला क्लच दाबूनच उभी राहायला लागली.

विनोद पुण्याहून फोनवर ओरडायचा, "ताई, काढून टाक ती गाडी." आई ऐकायला तयार नाही. "त्यांनला शबूद दिलाय. मोडला तर कुठं भटकत ऱ्हातील त्ये?" मग मी तरी काय करणार? जिवावर उदार होऊन रोज लासूरला जात-येत होते, कावळ्याला दिलेल्या शब्दाखातर.

गुरुवारी मिटमिट्याजवळ काटा लालमध्ये गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागच्या ट्रकनं कसाबसा ब्रेक लावला. त्या ड्रायव्हरनं मला काय काय सुनावलं ते लिहीत नाही. एका टेम्पोला बांधून गाडी तुमच्या जुन्या मेकॅनिककडं, रऊफभाईंकडं नेली.

"अण्णा गए तो तुम लोगां इधर का रास्ताच भूल गए," ते म्हणाले. मग दोन दिवस गाडी थंड होऊ दिली आणि काल मला बोलावून घेतलं. बॉनेट उघडलंच नाही आधी. मला आत बसवून गाडी सुरू करायला लावली. न्यूट्रल. घरघर. "अब क्लच दबाओ." गप्प. "छोड़ो." पुन्हा घरघर. असं तीनदा. डोळे मिटून ऐकत होते, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसे. "क्लच का आवाज नै है, ताई. गिअरबॉक्स के अंदर का बेअरिंग गया." खाली आडवे होऊन त्यांनी दाखवलं. चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या सीलमधून गिअरबॉक्सचं तेल पाझरून गेलेलं, आत नावाला उरलेलं. "पानी सब देखते. ये तेल कोई नै देखता."

पाण्यासाठी त्यांनी टाकीच्या तोंडावर हातपंप बसवला, हवा भरली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत पंपावरचा काटा उतरला होता, जमिनीवर मात्र थेंब नाही. इंजिनाचं तेल काढून बघितलं, ते दुधाळ झालं नव्हतं; म्हणजे पाणी इंजिनात जात नव्हतं. शेवटी छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन ते वाकले आणि मला जवळ बोलावलं. नळी जिथं इंजिनाला जोडली आहे, तिथल्या प्लॅस्टिकला केसाएवढी चीर. त्यातून पाणी थेंबथेंब गरम गिअरबॉक्सवर पडत होतं आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आत त्याची वाफ होत होती. गिअरबॉक्सवर तिथं पांढरा थर साचला होता.

"ये आज का नै है," रऊफभाई म्हणाले. "अण्णा को मालूम था."

"म्हणजे?" मी विचारलं.

गेल्या वर्षी, जायच्या महिनाभर आधी, तुम्ही शेजारच्या नानांना चालवायला बसवून गाडी त्यांच्याकडं नेली होतीत. पाणी जातंय आणि मधूनच बारीकसा आवाज येतो म्हणालात. रऊफभाईंनी सांगितलं, सगळं उतरवून बघावं लागेल, आठ दिवस गाडी ठेवा. तुम्ही नको म्हणालात. का, ते त्यांनी मला तुमच्याच बोलीत सांगितलं, "पोरगी सकाळी सातला निघती. परीक्षा चालू हायेत तिच्या शाळेत. सुट्ट्या लागल्या की आनतो. तोवर पानी मी बघतो."

अण्णा, मी तिथंच, टायरच्या ढिगावर बसून रडले. रऊफभाई पाठ फिरवून पाने-पकडी पुसत राहिले.

म्हणजे ती पूजा माझी होती. मी चाळीस किलोमीटरवर नीट पोचावं म्हणून अधू नजरेनं तुम्ही अंदाजानं पाणी ओतत होतात. आणि मी चिडवत होते.

पण आता माझाही राग ऐका. मला का नाही सांगितलंत? आठ दिवस मी रेल्वेनं गेले असते. लासूरला स्टेशन आहे, अण्णा! चीर बुजवायची सोडून रोज गुपचूप पाणी भरत राहायचं, ही कसली माया? छातीत दुखायचं तेही असंच ना? जेवणानंतर ओवा खाऊन बसायचात. विचारलं की "काई नाय, वारा धरलाय." तुम्ही बोलला असतात तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. आणि मी तरी काय वेगळं केलं? वर्षभर मीही पाणीच ओतत राहिले.

रऊफभाई म्हणाले, चिरेचं काम अर्ध्या दिवसात होईल, गिअरबॉक्सही खोलून दुरुस्त करून देतो. मग म्हणाले, "मेरी बहन होती तो मैं उसकू ये गाडी रोज हायवे पे नै ले जाने देता."

काल संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. जुडी संपल्यावर म्हणाली, "मंग देऊन टाक ती गाडी. त्यांचा जीव गाडीत नव्हता गं, तुज्यात व्हता. कावळ्याला काय कळतंय?"

तेव्हा परवा पैठणला आम्ही विनोदच्या गाडीनं येतोय. तुमची गाडी रऊफभाईंना देतेय, सुटे भाग कुणाच्या तरी कामी येतील. रागावू नका.

आणि घाटावर नको, इथंच एक शब्द देते. काल रात्री ताटं आवरताना आई क्षणभर ओट्याला धरून उभी राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काई नाय." महिनाभर मी हे बघतेय आणि "बरं" म्हणून पुढं जातेय. उद्या सोमवारी तिला दवाखान्यात नेते. तपासायला आठ दिवस लागले तर आठ दिवस. शाळा थांबेल.

तुमचीच,
शोभा