शाबासकी मना आहे

पराग, माझ्या राजा,

तू आत भांडी घासून राहिला अन् मी इथे हे लिहून राहिली. हे पत्र मी तुले देणार नाही, काहून की तुझ्या समुपदेशक शर्मिष्ठा दीदींनी मले शाबासकी मना केली आहे.

नोकरी सुटल्यापासून तू पलंग सोडत नव्हता. "मूड बनेगा तो उठूंगा," म्हणायचा. दीदींनी तुले जपानी रीत सांगतली: मन तयार व्हायची वाट पाहू नको, भीती वाटते तर वाटू दे, तिच्यासकट समोरचं काम हाती घे. अन् मले बजावलं, "तुम्ही वाहवा केली, तर तो वाहवासाठीच करेल."

आज तू स्वतः गुढियारीच्या बाजारातून लाल भाजी आणली, निवडली, शिजवली. मी दारात उभी होती. तू म्हणाला, "मम्मी, मन अभी भी नहीं है. फिर भी बना रहा हूँ."

माझा ऊर असा भरून आला, की गच्चीवर जाऊन सारा तात्यापारा मोहल्ला ऐकेल असं ओरडावं वाटलं: माझा पोट्टा उठला! पूर्णिमा मामीले फोनही लावला होता, पण तिनं उचलायच्या आधीच कापला.

जेवताना तू विचारलं, "कैसी बनी?"

मी घास गिळला, नजर ताटातच ठेवली अन् म्हटलं, "मीठ कमी आहे."

तुझं तोंड पडलं. मग तू उठला, अन् मीठ घेऊन आला.

तोंडाले कुलूप लावून बसलेली,
तुझी मम्मी