मिठावर इकलेली

१३ जुलै, रविवार

भांडण! पाटीवरून! बिल्डिंगचा अजून पायासुद्धा धड भरलेला नाही आणि आमच्या घरात पाटीवरून भांडण!

प्रफुल्ल आलेला जेवायला. ठाकुर्लीच्या आमच्या जुन्या जागेवर बिल्डिंग होतेय, तिला पणजीचं नाव द्यायचं म्हणाला. ‘आवडाबाई’. मला ऐकूनच इतकं छान वाटलं. भाऊ एवढा शहाणा कधी झाला कोण जाणे. बिल्डरने काहीतरी समुद्राचं इंग्रजी नाव सुचवलेलं. ठाकुर्लीतून समुद्र! गच्चीवर शिडी लावून बघा म्हणावं.

आणि बाबा ताटावरून उठले. भात अर्धा टाकून. ऐंशी वर्षांचा माणूस, अन्न टाकताना मी कधी बघितलेलं नाही.

“नाय. तिचा नाव पाटीवर नको.”

“का पण?”

“लोका काय बोलतील? मिठावर इकलेली पोर, तिचा नाव लावलाय.”

संपलं. प्रफुल्लने हात धुतले.

१४ जुलै

झोप नीट नाही. ते ‘मिठावर इकलेली’ डोक्यातून जात नाही.

गोष्ट लहानपणापासून अर्धवट ऐकलेली. आवडाबाई म्हणजे बाबांची आजी. तिला कोणीतरी तान्ही असताना मिठावर विकली. मिठागरावर काम करणाऱ्या धोंडिबाने आणि त्याच्या बायकोने घेतली, वाढवली, त्याच आळीत आमच्या घरात दिली. जन्म देणारे कोण, कुणालाच ठाऊक नाही. बाबांना लहानपणी आळीतली पोरं चिडवायची, ‘ए मिठावाल्या, तुझी आजी किती शेरांची?’ हे आज सकाळी चहा पिताना त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. ऐंशीव्या वर्षी!

आणि बाई कसली होती! मिठागरावरचा मुकादम बायकांना पाणी प्यायला सोडेना, तर हिने डोक्यावरची भरलेली पाटी सरळ त्याच्या पायांवर रिकामी केली. “आता तू जा पानी प्यायला.” भेगाळलेल्या पायांत मीठ! मेला नाचला असेल. दुसऱ्या दिवसापासून बांधावर माठ आला. मला तिचा फक्त हात आठवतो. खरखरीत. वेणी घालताना केस असे ओढायची की डोळ्यांतून पाणी. पण वेणी शाळा सुटेपर्यंत हलायची नाही. मला ती फार आवडते. तिच्यासारखी एक जरी पाटी मला आयुष्यात ओतता आली असती ना, आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात!

बाबांना विचारलं, तुम्हाला लाज वाटते का तिची?

“नाय गो बाय. तिची कशाला? इकणाऱ्यांची वाटते. पोटची पोर इकली. मना फक्त कलायला पायजे, का इकली.”

तर आता शोधणार. ठरलं.

१७ जुलै

रजा टाकून कल्याणला, रेकॉर्ड रूममध्ये. आमच्या गावचं कोतवाल बुक आहे! गावात कोण जन्मलं, कोण गेलं त्याची जुनी नोंद, सगळी मोडीत. आजकाल सगळी दुनिया दाखल्यासाठी हीच बुकं धुंडाळते. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “तुम्हाला कुठला दाखला?” म्हटलं, पणजीच्या आईबापाचा. बिचाऱ्यांनी स्वतःचा अर्ज पुन्हा वाचायला घेतला.

हव्या त्या वर्षांच्या नकलांसाठी अर्ज केला.

२२ जुलै

नकला मिळाल्या. अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. पण शनिवारचा मोडीचा क्लास काय फुकट गेला नाही, डोंबिवलीला तीन महिने जातेय. वाचणारच.

२३ जुलै

वाचलं. नसतं वाचलं तर बरं.

एक नाव पुन्हा पुन्हा येतं. नामा. ‘नामा यास मुलगा’. मग पुढच्या पानावर ‘नामाचा मुलगा’ आणि पुढे एक शब्द. मीठ! पुन्हा ‘मुलगी’, पुन्हा मीठ. चार पोरं, चारदा मीठ. पाचवी मुलगी, आवडाबाईच्याच वर्षाची. तिच्यापुढे काहीच नाही. तिचं मीठ लिहायलाही कंटाळले असतील!

माणूस होता की कोण? पाच पोरं विकली, आणि पाचही वेळा मिठावर. बाबांना कसं सांगू?

सांगितलं नाही. नुसतं विचारलं, आपल्या आळीत नामा कोण होता?

“नामा मी बघितला नाय. नामाची बायको होती, म्हातारी. आपल्या भिंतीला भिंत. मी आठ वर्सांचा होतो तेव्हा मेली.” मग हसले. “काय तोंड होता तिचा! आजीला नावान कधी हाक मारली नाय. पायरीवर बसून ओरडायची, ‘ए धोंडिबाच्या पोरी!’ आजीला नातवंडा झाली तरी धोंडिबाची पोरच. आन आजी काय करायची? तव्यावरची पयली भाकर तिला. आमी पोरा भुकेली बसलेली, आन पयली भाकर त्या भिंतीपलीकडं. मीच न्यायचो.”

म्हणजे विकणारी भिंतीपलीकडेच होती! रोज समोर! आणि वर टोमणा, धोंडिबाची पोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आवडाबाई, तू देवी गं. मी असते तर भाकरीच्या जागी तवा नेला असता.

२४ जुलै

बाबा दोनदा म्हणाले, काय झालं, गप का? म्हटलं, ॲसिडिटी.

२६ जुलै, शनिवार

देवा! मी गाढव आहे. मोठ्ठी.

क्लासला नकला नेल्या. समृद्धी, आमची शिकवणारी, माझ्या भाचीच्या वयाची. तिला म्हटलं, बघ गं, हा राक्षस बघ. पोरं विकून मीठ घ्यायचा. तिने कागद उजेडात धरला. मग माझ्याकडे बघितलं.

“ताई, हे मीठ नाहीये. मयत.”

मयत. नामाचा मुलगा मयत. नामाची मुलगी मयत. चारदा.

ज्याच्या डोक्यात मीठ, त्याला मीठच दिसणार ना! मी त्या माणसाला तीन दिवस शिव्या घातल्या. त्याची चार लेकरं गेलेली. एकही वर्षाचं झालेलं नव्हतं. क्लासमध्ये सगळ्यांसमोर रडले, समृद्धीने पाणी आणून दिलं.

पण पाचवी? चार गेल्यावर जगलेली पाचवी कोण विकेल?

२७ जुलै

नयन आत्याला फोन. विठ्ठलवाडीला असते, बाबांपेक्षा धाकटी, पण जुनं सगळं हिलाच विचारायचं. मी सांगतेय आणि ती हसायलाच लागली.

“अगं येडे, तो काय खराखुरा इकना नसतो गो! आपला केरूकाका आठवतो ना? त्याचा नाव केरू का? त्याच्या आगोदरची पोरा जगली नाय. म्हणून त्याला केरात ठेवला, शेजारनीन उचलला, बोलली मना सापडला. यमाला वाटला पायजे, या घराचा नाय. कोनी केरात ठेवतो, कोनी इकतो. शेजारनीच्या पदरात घालायचा, तिच्याकडून मूठभर मीठ घ्यायचा. झाली ती तिची. आता यमान तिला कशी न्यायची?”

“पण केरूकाका तर स्वतःच्याच घरी वाढला ना?”

“हो मग. पोर धड चालायला लागली का परत घेतात.”

नामाच्या बायकोने घेतली नाही.

मी फोन ठेवला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. चार पोरं गेलेली बाई. पाचवी चालायला लागली, पळायला लागली, तरी हिची हिंमत झाली नाही. आज परत घेतली आणि उद्या ताप आला तर? नकोच. असू दे तिकडेच. डोळ्यांसमोर आहे ना. लग्न झालं, नातवंडं झाली, तरी यमाला फसवणं चालूच! पायरीवर बसून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचं, धोंडिबाची पोर, धोंडिबाची पोर. कुणी ऐकत असलंच तर त्यानेही ऐकावं. आणि लोकांनी काय केलं? मिठाची मूठ लक्षात ठेवली आणि ती कशासाठी ते विसरले.

मी हिला तव्याने मारणार होते. बाई, तुझ्या पाया पडते मी. आयुष्यभर तोंडातून एकदासुद्धा ‘माझी’ निसटू दिलं नाहीस. मला तर भाजी स्वस्त मिळाली तरी चारजणींना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२८ जुलै

बाबांना सांगितलं. सगळं. माझ्या मिठाच्या घोटाळ्यासकट. हसतील वाटलेलं. हसले नाहीत.

“म्हणजे मी भाकर माझ्या पणजीला नेत होतो.”

“हो बाबा.”

“आन आजीला ठाव नव्हता. शेजारीन म्हणूनच देत राहिली. मरेपर्यंत कोनी सांगितला नाय तिला.”

त्याचंच त्यांना वाईट वाटत राहिलं. मलाही. एवढी मोठी माया, आणि जिच्यावर केली तिला पत्ताच नाही.

२९ जुलै

प्रफुल्लला पाटीचं कळवलं. बाबा हो म्हणालेत. मात्र जेवले कमीच.

३१ जुलै

सकाळी बाबांनी मला बाथरूमच्या दारातून हाक मारली, ब्रश तोंडात तसाच.

“कल्पिता, म्हातारी मेली ना, तेव्हा आजीन देवाला दिवा नाय लावला. माझ्या आयसला लावायला सांगितला. डोक्याला तेल नाय, चुलीला हात नाय. मी इचारला तर बोलली, पोट दुखतं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पानी घेतला आन भाकऱ्या थापायला बसली.”

तीन दिवस. शेजारणीचं सुतक कोणी धरत नाही. सासरी दिलेली लेक धरते, तीनच दिवस, आईचं.