लाल खोक्यातली काडतुसं

बाबा,

हे वाचल्याशिवाय बंदुकीच्या कपाटाला किल्ली लावू नका. किल्ली तुमच्या गळ्यात असते, नाहीतर आजोबांची दुनळी बंदूक आणि दोन्ही खोकी मीच उचलून नेली असती.

लाल खोक्यात शिशाची काडतुसं नाहीत, पोलादी छर्ऱ्यांची आहेत. शिशाची मी हिरव्या खोक्यात भरली, दलदलीत शिशाला बंदी आहे, तिथे वनरक्षकाने खोकं उघडलं तर त्याला ती पोलादीच वाटावीत म्हणून. काडतुसांवरची अक्षरंसुद्धा खरवडून टाकली. सोमवारी खोकी कपाटात ठेवताना तुम्ही विचारलंत कशात काय आहे, तेव्हा तुमच्या तोंडावर खोटं बोललो.

आत्ता धक्क्यावर तेरेंतीकाका म्हणाला, तुमची नवी बंदूक दुरुस्तीला गेलीय आणि संध्याकाळी तुम्ही दुनळी घेऊन बांधावर सशांच्या शिकारीला जाणार. त्या जुन्या पातळ नळ्यांना पोलाद सोसायचं नाही हो, हातातच फुटतील.

कुठलंच खोकं घेऊ नका. खात्रीच करायची असेल तर लोहचुंबक काडतुसाच्या बुडाला लावू नका. बुडाची टोपी दोन्हींची लोखंडीच आहे. काडतूस कापून छर्रे बशीत ओता. चुंबकाला चिकटले की पोलाद. शिसं चिकटत नाही, आणि पकडीत धरलं की चेपतं.

तुमच्या सुनेला, आन्फिसाला, कळा सुरू झाल्यात. तिला दवाखान्यात न्यायची तुल्चाची बोट भोंगा देतेय, तुम्ही मासेमारीच्या जाळ्यांवर, आणि मी लावतोय तर तुमचा फोन इथे घरातच उशीखाली वाजतोय.

मी सांगतोय म्हणून मानू नका, छर्रे बघून माना. मग मी आलो की मारा मला. पण दोन्ही हातांनी मारा.

फेदोत