मिलिटरी ट्रकचा हिरवा रंग

पप्पा,

तुम्ही विहारात आहात तोवर पटकन लिहितेय. लिलावातला तुमचा मिलिटरी ट्रक घेऊन काशीगावच्या रंगाऱ्याकडे चाललेय. फोन करू नका, तुमचा आवाज ऐकला तर मागे वळेन.

लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, तो असेपर्यंत नोंदणी नाही, हे आरटीओच्या साहेबांनी तोंडावर सांगितलंय. तुम्ही म्हणता, रंग जाण्यापेक्षा गाडी भंगारात गेलेली बरी. ती खरंच गेली तर तुमचं काय होईल, ते मला बघायचं नाहीये.

भात कुकरमध्ये आहे. आज तरी जेवा.

रंग मीच ठरवलाय. आपल्या जयंतीच्या झेंड्याचा निळा. आता भांडा माझ्याशी!

स्नेहल